खांदेमळणीत लागलेल्या गाठी

आमच्या अक्कानं बैल विकले, त्या वर्षापासून ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कुत्र्याची खांदेमळणी करायला लागली. नांगरट, पेरणी सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर आलं होतं, गोठा रिकामा होता, पण हळद आणि तूप कालवलेली वाटी हातात घेतली की तिला कुणाचा तरी खांदा लागायचाच. वर्षभर जू ओढलेला बैलाचा खांदा त्या संध्याकाळी मळायचा आणि त्याला म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. कुत्र्यानं जन्मात जू ओढलं नव्हतं. त्यावर अक्काचं उत्तर ठरलेलं असायचं, "राखण बी कामच हाय की. त्याचा खांदा दुखत न्हाई व्हय?"

अशाच एका मळणीत तिच्या बोटांना गाठी लागल्या. तुपाच्या हातानंच तिनं मला फोन लावला.

"डाक्टर, आपल्या गड्याच्या खांद्याम्होरं सुपारीएवढं काय तर लागून राहिलंय. दोनी अंगानं."

"दुखतंय का त्याला?"

"दुखतंय कशाचं! शेपूट हलवून राहिलाय. त्याला वाटतंय यंदा लाड जरा जास्तच हायेत."

मी जनावरांचा डॉक्टर आहे. राहतो लातूरला, नोकरी तालुक्याच्या दवाखान्यात. लोक आम्हाला ढोर डॉक्टर म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही, माझी सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली. अक्का माझी थोरली बहीण. मला पहिल्यांदा शाळेत बोट धरून नेलं ते तिनंच. दाजी गेल्यावर ती औशाजवळच्या शेतातल्या घरात एकटी राहायची. मुलगा पुण्यात. तो दर सुट्टीला म्हणायचा, आई, चल. ती म्हणायची, कुत्र्याला कुठं ठेवू? हे कारण तिला पुरायचं आणि त्यालाही त्यापुढं बोलता यायचं नाही. म्हणजे ते कुत्रं होतं म्हणून ती तिच्या मातीत होती. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या जेवणाला गेलो. कुत्रं दारातच आडवं झालं, पोट वर करून. मी वाकून खांद्यापुढं बोटं ठेवली. पावसाळ्यात गोचीड फार होतात आणि गोचीड तापात गाईच्या नेमक्या याच जागेची गाठ सुजते. ती गाठ मी इतक्या जनावरांत चाचपली आहे की डोळे मिटूनही सापडते. बोटं ठेवली आणि निदान झालं, मध्ये विचार असा आलाच नाही. त्याच बोटांनी जबड्याखाली आणि मागच्या गुडघ्यांच्या मागं चाचपलं असतं तर तिथंही गाठी लागल्या असत्या. मी चाचपलं नाही. ताटं वाढली होती.

"गोचीड ताप आहे," मी म्हणालो.

"तरी म्हणलं. कालपरवा कानातनं मूठभर गोचीड काढले म्या."

रक्त घेतलं नाही. गोचीड तापाच्या गोळ्या दिल्या आणि सूज लवकर उतरावी म्हणून बरोबर स्टेरॉइडच्या बारक्या पांढऱ्या गोळ्या. आठवड्यात गाठी विरघळल्या. अक्कानं गावभर सांगितलं. शेजारच्या शेतातला म्हातारा तिला चिडवायचा, "ढोराच्या डाक्टरला कुत्र्यातलं काय कळतंय, अक्का?" त्याला ती म्हणाली होती, "तुमी बी दाखवा त्यालाच. तुमचं लक्षण ढोराचंच हाय." हे मला तिनं फोनवर हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

स्टेरॉइडनं झटक्यात विरघळणाऱ्या गाठी म्हणजे काय असू शकतं, हे परीक्षेत विचारलं असतं तर मी पान भरून लिहिलं असतं. लसिकाग्रंथींचा कॅन्सर असाच वागतो. स्टेरॉइड दिलं की तो काही दिवस मागं सरतो, आणि परत येतो तेव्हा पुढच्या औषधांना दाद द्यायची नाही हे शिकून येतो. कुत्र्यांत हा कॅन्सर दुर्मिळ नाही. पण परीक्षा निराळी आणि बहिणीच्या दारात झालेलं कौतुक निराळं.

दसऱ्याला आपटा द्यायला गेलो तेव्हा गाठी परत आल्या होत्या. जबड्याखाली लिंबाएवढ्या. गुडघ्यांमागं लागल्या, काखेत लागल्या. कुत्रं पहिल्यासारखंच आडवं झालं, पण लगेच उठून बसलं, पडून त्याला श्वास नीट घेता येत नव्हता. अक्का म्हणाली, "गोळ्या परत चालू करू का? हायेत उरलेल्या."

"नको," मी जरा मोठ्यानं म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली.

नांदेडला एक मुलगी कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. मूळची हदगावकडची, शिकत असताना माझ्या दवाखान्यात काही महिने होती, म्हणून मला सर म्हणते. तिची पीएचडी चालू होती आणि विषय नेमका हाच होता, कुत्र्यांतल्या या कॅन्सरचा. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "सर, घेऊनच या."

आम्ही तिघं गाडीतून गेलो. अक्का मागं बसली, मांडीवर कुत्र्याचं डोकं. लोह्याला चहाला थांबलो तर हॉटेलातल्या माणसानं आत डोकावून विचारलं, "मावशी, ह्याला कुठं चालवलंय?"

"नांदेडला. दवाखान्यात."

"आवं, आमच्या म्हाताऱ्याला न्हाई नेलं कोणी नांदेडला."

"तुमचा म्हातारा शेपूट हलवत नसंल," अक्का म्हणाली. तो माणूस इतका हसला की चहाचे पैसे घेईना.

अक्का त्यानंतर कधी थट्टेनं बोलली असेल तर मला आठवत नाही.

त्या मुलीनं गाठीत सुई घातली, काचेवर पसरलं, रंगवलं, सूक्ष्मदर्शकातून बघितलं. मग मला बघायला दिलं. सगळीकडं एकसारख्या, मोठ्या, गोल पेशी, जशा एकाच साच्यातून काढाव्यात. मी मान हलवली.

मग तिनं मला तिच्या संशोधनाचं सांगितलं आणि अक्कालाही कळावं म्हणून सोपं करून सांगितलं. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. परकं कुणी दिसलं की त्या मारतात. पण राखणदार बेभान होऊन घरच्यांवरच धावून जाऊ नये, म्हणून त्यांच्या अंगावर एक कळ असते. ती दाबली की राखणदार थांबतो. कॅन्सरच्या काही पेशी ही कळ दाबायला शिकतात. ती दाबायला लागणारं बोट त्यांच्या अंगावर उगवतं. राखणदार जवळ येतो, कळ दाबली जाते, तो उभ्या उभ्या झोपतो. ती कळ आणि ते बोट, दोन्हींना मार्कर म्हणतात. गाठीचा पातळ काप काढून त्यावर विशिष्ट रंग चढवला की जिथं मार्कर असेल तिथं तपकिरी दिसतं. माणसांत आता अशी औषधं आहेत जी ती कळ झाकून टाकतात. कुत्र्यांसाठी परदेशात प्रयोग चालू आहेत. आपल्याकडं काही नाही. ती फक्त कोणत्या कुत्र्यात ती खूण किती आहे, एवढंच मोजत होती.

"गुडघ्यामागची एक गाठ काढून घेऊ का, सर? केमो सुरू करायच्या आधी?"

"घे," मी म्हणालो.

"आणि एक विचारायचं राहिलं. स्टेरॉइड दिलंय का कधी? दिलं असेल तर मला हा नमुना घेता येत नाही. स्टेरॉइडनं राखणदार पेशीच कमी होतात, मग त्या झोपल्यात का मेल्यात, काही सांगता येत नाही."

अक्का शेजारी उभी होती. मी म्हणालो, "नाही."

मुलीनं अक्काकडं बघितलं. अक्कानंही प्रामाणिकपणे मान हलवली, न्हाई म्हणाली. स्टेरॉइड म्हणजे त्या बारक्या पांढऱ्या गोळ्या, हे तिला कुणी सांगितलं होतं? तिच्यासाठी त्या तिच्या भावाच्या गोळ्या होत्या, ज्यांनी कुत्रं बरं झालं होतं. माझ्या एका शब्दानं ती माझी साक्षीदार झाली.

मी खोटं का बोललो याचा विचार मी पुष्कळ केला. संशोधनाचा नमुना म्हणून गाठ घेतली की तपासणी नीट होईल, कदाचित काही निघेल, असं मला वाटलं होतं का? थोडंसं वाटलं होतं. पण खरं कारण एवढंच की माझी जुनी विद्यार्थिनी आणि माझी बहीण एकाच खोलीत होत्या, आणि त्या दोघींपुढं एकाच वेळी मला लहान व्हायचं नव्हतं.

केमोची इंजेक्शनं मीच दिली, तिनं लिहून दिल्याप्रमाणं. पहिल्यानं काही झालं नाही. दुसऱ्यानंही नाही. तिचा फोन आला.

"सर, असं होत नाही. या प्रकारात निदान पहिल्या इंजेक्शनाला तरी गाठी बसतात. स्टेरॉइड आधी झालेलं असेल तरच असं बघितलंय मी. याला तर दिलेलं नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणालो.

पहिल्या वेळी शब्द तोंडातून निसटला होता. या वेळी मी एकटा होतो, दवाखान्यात खुर्चीवर बसलेलो, समोर कुणी नव्हतं. सांगता आलं असतं. दुसऱ्यांदा मी विचार करून खोटं बोललो.

रंगवलेल्या काचांचा निकाल आला त्या दिवशी मी अक्काकडंच होतो. फोन स्पीकरवर टाकला, कारण अक्का हातवारे करून विचारत होती, काय म्हणतीय, काय म्हणतीय.

"मार्कर आहेत, सर. खूप आहेत. इतका ठळक तपकिरी रंग मी अजून कुठल्या नमुन्यात बघितला नाही."

मुलीच्या आवाजात आनंद होता. तो तिच्या कामाचा आनंद होता आणि त्यात काही वावगं नव्हतं. पुढं ती म्हणाली, याचा उपचाराला उपयोग नाही, सर, तुम्हाला माहीतच आहे. पण तोवर अक्का उठून उभी राहिली होती, कुत्र्याकडं गेली होती आणि त्याच्या कानात बोलत होती.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "खूण सापडली म्हण की."

"हो. सापडली."

"मग झालं तर! खूण पटली की चोर कुठं जातोय?"

तिचं म्हणणं कुठून आलं ते मला लगेच कळलं. मी लहान असताना आमच्या वडिलांची बैलजोडी चोरीला गेली होती. लांबच्या बाजारात ती सापडली. मांडीवरचा डाग वडिलांनी दाखवला आणि तिथल्या तिथं बैल त्यांच्या हवाली केले. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की खूण सापडणं म्हणजे जनावर परत मिळणं, असाच तिचा अर्थ होऊन बसला. मार्कर या शब्दाला मीच तिच्यापुढं खूण म्हणालो होतो. दुसरा शब्द मला सुचला नव्हता.

"ती पोरगी म्हणत होती ना, औषध हाय म्हणून? माणसाचं?"

"आहे. पण ते..."

"मग येईल की. पुण्याला मिळंल. न्हाईतर मुंबईला."

मी तिच्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"येईल," मी म्हणालो.

एक शब्द. त्यावर ती थंडीतले पुढचे दिवस जगली, आणि त्याच शब्दामुळं कुत्र्यालाही ते जगावे लागले.

मानेतल्या गाठी वाढत गेल्या. घसा आतून दाबला गेला. त्याला आडवं होता येईना, बसल्या बसल्या डोळे मिटायचं आणि मान पुढं कलंडली की दचकून जागं व्हायचं. अक्कानं त्याच्यासाठी गोणपाटाच्या घड्यांची उशी केली. तीही पुरेना, तेव्हा ती स्वतः भिंतीला टेकून बसायची आणि त्याची हनुवटी गुडघ्यावर धरून ठेवायची. बोटावर दूध घेऊन चाटवायची. गिळताना त्याच्या सगळ्या अंगाला कापरं भरायचं. शेतात तुरी वाळत होत्या. त्या कापायला माणसं लावायची तिला आठवण राहिली नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानंच शेवटी माणसं आणली.

मुलीनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "सर, आता सोडवा त्याला. माझा कुत्रा असता तर मी कधीच सोडवला असता." त्यासाठी लागणारं इंजेक्शन माझ्या बॅगेत होतं. मी ते घेऊन गेलो. अक्कानं बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आणलंस?"

तिला वाटलं औषध आलं.

"अक्का, हे ते नाही. हे झोपेचं आहे. त्याला फार त्रास होऊन राहिला."

"तरास होतोय ते मला दिसत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "औषध येऊन राहिलंय आन् तू सुई घिऊन आलास? आरं, इतके दिवस काढले त्यानं. आता चार दिवसांसाठी?"

त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. औषध येत नाही, कधी येणारच नव्हतं, असं दोन वाक्यांत सांगून झालं असतं. ती रडली असती, मला बोलली असती, मग तिनंच त्याचं डोकं मांडीवर घेतलं असतं आणि मी सुई दिली असती. मी बॅग बंद केली. म्हणालो, "बघतो, का उशीर होतोय ते."

त्यानंतरही ते बरेच दिवस जगलं. किती, ते मी मोजलं नाही. एका सकाळी ऊन अंगणात आलं होतं आणि अक्का त्याला दूध चाटवत होती. बोट चाटता चाटता ते थांबलं. तिला वाटलं डोळा लागला. मान धरून ती तशीच बसून राहिली. म्हातारा धारेचं दूध द्यायला आला, त्यानं तिला सांगितलं, गेलं ते.

मी पोचलो तेव्हा त्यानं बांधाच्या कडेला खड्डा खणून ठेवला होता. आलेल्या माणसांना अक्का सांगत होती, "औषध यायला उशीर झाला. माझ्या भावानं लई धडपड केली. लई. त्याच्या हातात असतं तर..." लोकं माझ्याकडं आदरानं बघत होती. म्हातारा म्हणाला, "आता ढोर डाक्टर न्हाई म्हणायचो तुम्हाला."

ते ऐकून मला तिथं उभं राहता येईना.

मी आधी त्या मुलीला फोन केला. ते सोपं होतं, ती लांब होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तो नमुना काढून टाकावा लागेल, सर."

"हो."

"माझ्याकडं असे थोडेच होते. परवा विभागात बोलले तेव्हा पहिला फोटो मी त्याचाच दाखवला." मग म्हणाली, "दोनदा विचारलं होतं मी, सर." आवाज चढला नव्हता. त्यानंतर तिचा फोन आला नाही, आणि मी कुठल्या तोंडानं करणार?

अक्काला सांगायला पुढचा रविवार उजाडला. ती शेतात हरभऱ्याचे शेंडे खुडत होती, भाजीसाठी. मीही तिच्याबरोबर खुडायला लागलो आणि खाली बघत बोललो. आधी गोळ्यांचं सांगितलं. गोचीड ताप नव्हता, मी नीट बघितलं नाही, त्या पांढऱ्या गोळ्यांनी पुढची औषधं निकामी केली, आणि नांदेडला मी खोटं बोललो. ती खुडत राहिली. म्हणाली, "जाऊ दे. माणूस चुकतंय. कुत्र्याचं तुला कुठं सवयीचं."

मला हलकं वाटलं. त्या हलकेपणातच मी पुढचं बोललो.

"आणि औषध, अक्का... ते येणार नव्हतं. आपल्याकडं नाहीच ते. खूण सापडली म्हणजे फक्त खूण सापडली."

तिचे हात थांबले.

"न्हवतंच?"

"नव्हतं."

"मग येईल म्हणून का म्हणलास?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला?" ती म्हणाली. भाजीचा ओचा धरलेली मूठ तिनं सोडली नव्हती. "आरं, शेवटी शेवटी त्याला निसतं झोपायचं होतं रे. मान टाकून द्यायचा. मी टाकू देत न्हवते. उठवायची. चापट मारून उठवायची, दूध पी म्हणायची, औषध येऊन राहिलंय, तवर दम धर म्हणायची. एकदा त्यानं मला दात दाखवले. जन्मात न्हाई दाखवले कधी. तरी म्या..."

"ते माझ्यामुळं, अक्का. तुझा काय दोष त्यात?"

तिला ते ऐकू गेलं नसावं. "म्याच छळलं म्हण की त्याला," ती म्हणाली.

मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिलो, दोष माझा, फक्त माझा. ती हो हो म्हणत होती, लहान मुलाला म्हणावं तसं. तिच्याजवळ एक गोष्ट उरली होती, की आपण त्याच्यासाठी सगळं केलं. माझ्या छातीवरचा दगड उतरवायला गेलो आणि ती गोष्टही मी काढून घेतली. न सांगता राहिलो असतो तर ती आजही लोकांत माझी बाजू घेत असती, आणि मला ते सोसलं नसतं. म्हणजे सांगितलं तेही माझ्यासाठीच.

संक्रांतीनंतर भाचा आला आणि तिला पुण्याला घेऊन गेला. या वेळी तिनं काही कारण सांगितलं नाही. जमीन बटईनं त्या म्हाताऱ्याच्या मुलाकडं दिली, घराला कुलूप लावलं. मी मदतीला गेलो होतो. माझ्याशी ती नीट बोलली, जेवलास का म्हणून विचारलंही.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, आई दिवसभर गॅलरीत बसून असते. करमावं म्हणून आम्ही एक पिल्लू आणायचं ठरवलं होतं, सोसायटीतच कुणीतरी देत होतं. आई नकोच म्हणते. म्हणते, 'मला जनावरातलं काय कळत न्हाई.' मामा, सबंध आयुष्य ढोरांत गेलेली बाई असं कसं म्हणते हो?"



"वय झालंय रे तिचं," मी म्हणालो.